गाडीले कूलर

आमच्या गोपालभाऊजीले गाडीत काही ना काही बसवायची खोड आहे. सायकल होती तेव्हा सायकलीले दोन घंट्या. मोटरसायकल आली तं तिले ट्रकचा हॉर्न, असा का गल्लीतल्या म्हशी दावं तोडून पळाव्या. माणूस वाईट नाई, पण हात स्वस्थ राहत नाई. नवऱ्याचा लहान भाऊ म्हणून एवढे दिवस मी हसून सोडून दिलं. पण पिकप म्हणजे घरची पोटापाण्याची गाडी, अन् तिच्या इंजिनात त्याईनं हात घातला तो नेमका माह्या कोंबड्या भरायच्या आठवड्यात. तेव्हा मात्र माह्या डोस्क्यात राग गेला.

गोष्ट अशी का आमच्या गावचं पाणी जड. आष्टीच्या अलीकडं आमचं गाव. विहिरीचं पाणी प्यायले गोड लागते, पण चहाच्या गंजाले, म्हणजे पातेल्याले, आतून पांढरी खपली धरते. तेच पाणी गाडीच्या रेडिएटरात जायचं. इंजिनाले आतून जंग चढते, त्या जंगाचे कण पाण्यासंगं फिरतात अन् रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतात, मंग गाडी तापते. त्या हिवाळ्यात रेडिएटर खोलून साफ केला, होळीले पुन्हा चोंदला. भाऊजी पहिले पुलगावले ट्रकच्या गॅरेजात कामाले होते. मोठ्या ट्रकच्या इंजिनाले पाणी गाळायचा वेगळा फिल्टर असते, हे त्याईनं तिथं पाह्यलं होतं. आमच्या पिकपले तो नव्हता. कंपनीनं नाई दिला तं आपण देऊ, असं म्हणून ते नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले अन् लोट्याएवढा एक डबा घेऊन आले.

लोखंडी पट्टी वाकवून त्याईनं तो डबा बॅटरीच्या बाजूले कसला. आपल्या गाड्याईत हीटर नसते, वर्ध्यात हीटर पाहिजे कोणाले, पण हीटरच्या नळ्यांची तोंडं इंजिनाले असतात, बुचं लावलेली. भाऊजीनं बुचं काढली, एका तोंडातून रबरी पाइप डब्यात नेला अन् डब्यातून दुसरा पाइप दुसऱ्या तोंडात परत आणला. दोन्हीकडं एकेक पितळी कॉक, डबा बदलायचा झाला तं बंद करता यावा म्हणून. विहिरीचं पाणी काढून टाकलं अन् हिरवं कूलंट भरलं. सगळं पाणी काही एकदम डब्यातून जात नाई, थोडं थोडं जाते, पण फिरता फिरता सगळं गाळल्या जाते, असं त्याईनं मले समजावून सांगतलं. मी म्हटलं, जेवढे जोड तेवढ्या गळायच्या जागा. ते म्हणे, वहिनी, एक फिल्टर उरला तं तुमच्या तोंडाले बसवून देतो.

भाऊजी त्याले कूलंट फिल्टर म्हणत. घरात त्याचा कूलर झाला, अन् तो केला आमच्या मामाजीनं. मामाजी म्हणजे माहे सासरे, गाव त्याईले अण्णाजी म्हणते. एका कानानं कमी ऐकतात, अन् जे ऐकू येत नाई ते आपल्या मनानं भरून काढतात. आमच्या गोपालनं गाडीले कूलर बसवला, हे त्याईनं मारुतीच्या पारावर सांगून टाकलं. आता आमच्याकडं मे महिन्यात कूलर म्हणजे देवाच्या खालोखाल. खिडकीत लोखंडी डबा, आत पंखा, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, त्या ताट्यांवर पाणी ठिबकते अन् वारा गार होऊन घरात येते. तो नसन तं दुपार निघत नाई. पारावरचे बुढे गाडी पाहाले आले, बोनटमधी डोकावले, अन् तानबाजी म्हणून मामाजीचे दोस्त आहेत, त्याईनं विचारलं का अण्णाजी, कूलर आहे तं याची ताटी कुठं आहे. मामाजी डब्याकडं पाहत राह्यले.

मले त्या डब्याचं कौतुक नव्हतं, कारण माहा जीव कोंबड्यांत अडकला होता. घरामागचं लांब शेड मामाजीनं कुटार, म्हणजे ढोरांचा भुसा, भरायले बांधलं होतं. आमचे हे पुलगावले नोकरीवर, आठवड्याले घरी येत. मी ते शेड मागून घेतलं अन् त्यात कोंबड्या टाकल्या, कापायच्या, पांढऱ्या. एक दिवसाचं पिल्लू आणायचं, वाढवायचं, व्यापाऱ्याले द्यायचं. पहिले डाव बरे गेले. मंग मागच्या साली, दोन हजार तीनच्या मे महिन्यात, एका दुपारी लाइन गेली, पंखे बंद पडले अन् अर्धं शेड माह्या डोळ्यांदेखत मेलं. मी बादल्यांनी पाणी मारत राह्यली अन् त्या चोच उघडून खाली बसत राह्यल्या. खड्डा खणून पुरल्या. रात्री जेवताना मामाजी म्हणे, "सुलोचना, आणखी एका उन्हाळ्यात करून पाय. पण या डावाले मेल्या तं मी शेडमधी कुटार भरीन."

रागानं नाई म्हटलं त्याईनं. रागानं म्हटलं असतं तं मी भांडली असती, मले भांडता येते. ते शांतपणे म्हटलं, अन् शांतपणे म्हटलेलं मामाजी करतातच. त्या दिवसापासून कुटाराची बैलबंडी गल्लीतून गेली का मी शेडचं दार लावून घ्यायची. या घरात मी सून होती, वहिनी होती, बायको होती. शेडमधी मी शेडवाली बाई होती, तिथं दाणा किती टाकायचा, पडदा कधी सोडायचा हे कोणी मले शिकवत नव्हतं. ते गेलं असतं तं माह्याजवळ चूल राह्यली असती अन् दुसऱ्याच्या घरचं बोलणं.

वर्ध्याले लागून सिंदी मेघे, तिथले लक्ष्मणराव माहे व्यापारी. त्याईची गाडी रातच्याले येऊन माल घेऊन जाते, कारण उन्हात कोंबड्या नेत नाई कोणी. त्या दिवशी गाडी आलीच नाई. उजाडता उजाडता आष्टीच्या एसटीडीवर फोन लावला तं लक्ष्मणराव म्हणे, माही गाडी रस्त्यात बसली, तुमच्या घरची पिकप आहे ना, तुम्हीच घेऊन या, दुपारपर्यंत माल घेतो, त्यानंतर नागपूरची गाडी निघून जाईन. मंग शेडमधल्या कोंबड्या अजून एक दुपार ठेवायच्या का? पूर्ण वजनाच्या झालेल्या, त्या सकाळच्या हवेतही धापा टाकून राह्यल्या होत्या. सकाळीच कपाळाले झळ लागत होती. मी भाऊजीले उठवलं अन् म्हटलं, काढा तुमची कूलरवाली.

पकडायले, जाळीच्या खोक्यांत भरायले, रचायले वेळ लागलाच. खोक्यांच्या रांगांत वारा जायले बोटभर जागा ठेवा, असं मी माणसांले सांगत होती अन् ते ऐकत नव्हते. मामाजी केव्हाचे उठले होते. बादली घेऊन गाडीच्या तोंडाशी काहीतरी करत होते, मले वाटलं गाडी धुऊन राह्यले. निघताना ते माह्या खिडकीशी आले अन् एवढंच म्हणे, "हळू जाजो, पण थांबू नोको." ते त्याईनं सांगायची गरज नव्हती. खोक्यांतल्या कोंबड्या चालत्या गाडीच्या वाऱ्यावर जगतात. गाडी थांबली का मधल्या खोक्यांतल्या पहिले जातात.

गाडी सुरू झाली अन् मले वाळ्याचा वास आला, ओला, गार. कोणाच्या तरी घरी नवीन ताट्या लावल्या असन, असं वाटलं. मी म्हटलं, चांगला शकुन आहे.

तळेगावपर्यंत सगळं ठीक. आर्वीपर्यंतही. मी घडी घडी मागच्या काचेतून खोक्यांकडं पाहत होती. आर्वी सोडली अन् ऊन असं पडलं का डांबरावर पाणी दिसायले लागलं. तेव्हा मी पाह्यलं का भाऊजी रस्त्याकडं पाहत नाई, स्टेअरिंगच्या मागं पाहून राह्यले. मंग त्याईनं बोटानं काच ठोकली. मी विचारलं काय झालं. ते म्हणे काई नाई. आमच्या घरच्या माणसांचं काई नाई मले पाठ आहे.

गरमीचा काटा होता. रोज मधात उभा राहते, तो वरच्या अंगाले सरकून राह्यला होता. मी त्यावर डोळे लावले ते लावलेच. बाहेर काय गेलं, कोणतं गाव आलं, मले सांगता येणार नाई. काटा एका जागी थांबला का मी श्वास सोडायची, अन् श्वास सोडला का तो पुन्हा केसभर चढायचा. भाऊजीनं गाडी हळू केली. गाडी हळू झाली तसा मागचा वारा कमी झाला, अन् मले कोंबड्यांचा आवाज बदललेला ऐकू आला. त्या ओरडतात तोवर बरं असते. गप झाल्या का भेव.

माहं तोंड सुटलं ते सुटलंच. तुमच्या डब्यानंच केलं, म्हटलं. चांगली चालती गाडी, कशाले तिची नस कापून डबा लावला? पाणी गळून गेलं असन, नाई तं डब्यातच अडकलं असन, माह्या कोंबड्या मारून तुम्ही हौस भागवा. भाऊजीनं एका कडुलिंबाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं नाई, अन् बोनट उचलला. मी मागं धावली.

कोंबड्या चोच उघडून, पंख सोडून बसल्या होत्या. एकीनं डोळे मिटले होते, मी तिले बोटानं हलवलं तं तिनं उघडले, अन् मले रडू यायले लागलं. गाडीत पाण्याची एकच कॅन होती, ती रेडिएटरसाठी ठेवलेली. मी ती उचलली अन् खोक्यांवर मारायले लागली. भाऊजी समोरून ओरडले का थोडं गाडीले ठेवा वहिनी. गाडीले पाणी ठेवावं तं या मरतात, यांले द्यावं तं गाडी मरते, अन् गाडी मेली का या मेल्याच. मी अर्धं मारलं अन् अर्ध्या कॅनचं बुच लावलं.

भाऊजी ओल्या फडक्यानं डब्याचे पाइप चाचपून पाहत होते. डब्यात जाणारा पाइप गरम, येणारा पण गरम. म्हणजे पाणी वाहून राह्यलं, कुठं थेंबभर गळती नाई, डब्याचा दोष नाई, असं ते म्हणे. मी म्हटलं बंद करा तो. ते म्हणे त्यानं काही होणार नाई. मी म्हटलं, बंद करा म्हणते ना. त्याईनं दोन्ही कॉक फिरवून डब्यात जाणारं पाणी तोडलं, फडकं धरून रेडिएटरची वाफ सोडली, उरलेलं पाणी त्यात ओतलं अन् गाडी काढली. त्याईचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता, पण मले तेव्हा त्याची कीव आली नाई.

काटा जरासा उतरला. मी मनात मारुतीले नारळ बोलली. खरांगण्याच्या अलीकडं चढ लागला अन् तो पुन्हा निघाला, पहिल्यापेक्षा जलदी. आता डबा बंद होता. आता तो डब्यानं चढत नव्हता. अन् खरं सांगते, तेव्हा मले जेवढं भेव वाटलं तेवढं आधी वाटलं नव्हतं. जोवर शिव्या द्यायले डबा होता तोवर मले आधार होता. आता आम्हा दोघांले काहीच माहीत नव्हतं का गाडी काऊन तापून राह्यली.

काटा लाल पट्टीले टेकला. भाऊजी म्हणे, थांबावं लागते. मी म्हटलं, थांबलो तं माहं शेड गेलं. ते रस्त्यावरून नजर न काढता म्हणे, "वहिनी, इंजिन जाम झालं तं इथंच राहू आपण. मंग ना वारा, ना गाडी. तुम्ही म्हणाल तसं करतो."

तुम्ही म्हणाल तसं. एवढ्या वर्षांत त्या घरात मले असं कोणी म्हटलं नव्हतं, अन् म्हटलं तं कोणत्या जागी म्हटलं. दोन्हीकडं नांगरून पडलेली पऱ्हाटीची वावरं, एक झाड नाई. पुढं रस्त्याच्या कडेले पाणपोईचं छप्पर दिसत होतं. मले डोळ्यांसमोर कुटाराची बंडी दिसली, मामाजी शेडचं दार उघडून उभे दिसले. मी म्हटलं, "थांबवा."

गाडी थांबली तशी मी उडी मारून पाणपोईकडं धावली. तिथल्या बाईले हात जोडले, तिनं काही न विचारता बादली भरून दिली. बादली घेऊन मी गाडीच्या समोरून येत होती, अन् इंजिनाच्या धगीसंगं मले एक वास आला. मी तिथंच थांबली. वाळ्याचा वास. सकाळसारखा गार नाई, कोरडा, करपट, मागच्या सालची ताटी माळ्यावरून काढली का येते तसा. चारही बाजूंनी उघडं वावर, एक घर नाई, अन् वाळ्याचा वास. मले वाटलं उन्हानं माहं डोकं फिरलं.

बादली खाली ठेवली अन् गाडीच्या तोंडावरच्या जाळीत बोटं घातली. आत गवत लागलं. तापलेलं, कडक, धुळीनं माखलेलं गवत.

"भाऊजी," मी म्हटलं, "इकडं या."

त्याईनं बोनट उघडून वरून, समोरच्या बाजूनं वाकून पाह्यलं. पहिल्या वेळेस त्याईचं सगळं ध्यान आपल्या डब्यावर होतं, त्या बाजूले त्याईनं नजरही टाकली नव्हती. समोरची जाळी अन् रेडिएटर यांच्या मधात, बरोबर मापानं दाबून, वाळ्याची एक ताटी उभी होती. ओली होती तोवर तिच्यातून वारा गार होऊन जात असन. आर्वीपर्यंत ती वाळली, रस्त्याची धूळ अन् किडे तिच्यात भरले, अन् रेडिएटरच्या तोंडावर कवाड लावल्यासारखं झालं. वारा आत जायले वाटच नव्हती. ती चारही कोपऱ्यांनी सुतळीनं बांधली होती. गाठ आम्ही दोघांनीही ओळखली. दोन वेढे घेऊन शेवटचं टोक आत खोचलेली, कापूस बांधायच्या बोंद्र्याले मारतात ती, गावात एकच माणूस अशी मारते अन् ती सुटत नाई. आम्ही एकमेकांकडं पाह्यलं.

गाठी सुटल्या नाईच. भाऊजीनं करवतीच्या पात्यानं सुतळ्या कापल्या, मी तापलेल्या पत्र्यात हात घालून ताटी ओढली, मनगटाले चटके बसले. मी ती रस्त्याच्या खाली फेकणार होती, त्या बुढ्याच्या नावानं दोन शब्द टाकून. भाऊजीनं ती माह्या हातातून घेतली, तिच्यावर अर्धी बादली ओतली अन् उन्हाच्या बाजूच्या खोक्यांवर कसून बांधली. उरलेलं पाणी मी कोंबड्यांवर मारलं. मंग त्याईनं आपल्या डब्याचे कॉक हळूच उघडले, माह्याकडं न पाहता.

गाडी निघाली. चढ संपायच्या आधीच काटा खाली यायले लागला, अन् मधात येऊन असा उभा राह्यला जसा सकाळपासून हललाच नाई. मागून कोंबड्या ओरडायले लागल्या. मी खिडकीत डोकं टेकून रडली, आवाज काढून रडली. भाऊजी म्हणे, रडा, पण खिडकी सोडा, वारा लागू द्या.

सिंदी मेघेले लक्ष्मणरावांची नागपूरची गाडी अजून उभी होती. माणसांनी खोकी उतरवली, मेलेल्या बाजूले टाकल्या. मी तिकडं पाठ करून उभी होती. शेवटी लक्ष्मणराव म्हणे, बाई, या उन्हात एवढ्या जिवंत आणल्या तुम्ही, कशा आणल्या? मी वळून पाह्यलं. ढीग होता, पण लहान होता. मागच्या सालच्या खड्ड्यासमोर काहीच नव्हता. मी तिथंच खोक्यावर बसली.

भेव गेलं तसा राग चढला. परतीच्या सगळ्या वाटेनं मी बोलणं जुळवत होती. बुढ्याले आज सांगतेच. म्हणीन, मामाजी, तुम्हाले कुटारच भरायचं होतं तं सरळ भरायचं होतं, गाडीचं तोंड कायले बांधलं? म्हणीन, पारावर सांगा आता, सुनेच्या कोंबड्या कोणी मारायले काढल्या होत्या ते. भाऊजी मधात एकदा म्हणे का जाऊ द्या वहिनी, म्हातारं माणूस आहे. मी म्हटलं, तुम्ही चूप बसा, सकाळपासून शिव्या तुम्ही खाल्ल्या, त्या कोणाच्या वाट्याच्या होत्या? ते हसले. ताटी मी मुद्दाम सोडून समोर पायाशी ठेवली होती, पुरावा म्हणून.

घरी पोचलो तं ऊन उतरलं नव्हतं. गल्लीत कुत्रं नव्हतं. मी ताटी हातात घेऊन, ओठावर सगळं तयार ठेवून, तरातरा बैठकीत गेली.

बैठक भट्टीसारखी तापली होती. मामाजी खाटेवर बसले होते, डोक्यावर ओला दुपट्टा, तोंड लाल, बनियान घामानं चिकटलेली. समोर त्याईचा कूलर पूर्ण जोरात घरघरत होता अन् सरळ गरम वारा फेकत होता. मले आधी कळलं नाई. मंग मी खिडकीकडं पाह्यलं. कूलरची मागची बाजू उघडी होती. तिथं ताटी नव्हती. वरच्या नळीतून पाणी नुसतं थेंब थेंब टाकीत पडत होतं अन् बाहेरची झळ पंखा आत ओढत होता. आमच्या गावात नवीन ताटी मिळत नाई, आष्टीच्या बाजाराले जावं लागते, अन् बाजार दोन दिवसांवर होता. म्हणून त्याईनं आपल्या कूलरची काढली होती, गाडीच्या मापाची कापली होती, अन् दिवसभर त्या झळीत बसून राह्यले होते.

त्याईनं मले पाह्यलं, अन् कोंबड्यांचं नाई, पहिले गाडीचं विचारलं. "चालला का कूलर?"

भाऊजी माह्या मागं उभे होते. त्याईनं तोंड उघडलं होतं, मी त्याईच्या आधी बोलली.

"चालला, मामाजी. आल्या सगळ्या."

सगळ्या आल्या नव्हत्या, पण तेवढं चालते. मामाजीनं मान हलवली अन् दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राह्यले. मी खिडकीमागं गेली. ताटी कापलेली होती, जाळीत ढिली बसत होती, मी सुतळीनं तिले आवळून बांधली. मामाजीसारखी गाठ मले येत नाई, साधीच मारली. वरून बादलीभर पाणी टाकलं. आतून वाळ्याचा वास घरात गेला, गार, अन् पंख्याचा आवाज बदलला.

मी आत आली तं मामाजी आडवे झाले होते, डोळे मिटून. मले वाटलं झोप लागली. मी पाय न वाजवता स्वयंपाकघराकडं निघाली, तेव्हा मागून आवाज आला.

"सुलोचना, ते ताटी गाडीले जराशी लहान पडली असन. पुढच्या खेपेले मोठी आणतो."

पुढच्या खेपेले, म्हणे, कुटाराचं नाव नाई. मी दाराच्या चौकटीले धरून उभी राह्यली. भाऊजीनं माह्याकडं पाह्यलं अन् हातानं बोनट उचलल्यासारखं करून दाखवलं, म्हणजे आता दर वेळेस निघायच्या आधी समोरून पाहावं लागन.

"आणा, मामाजी," मी म्हटलं.